ओर्ट्रुन परीक्षित घाटे

दुधाचा कॅन फ्रिजमध्ये ठेवून वळले, तर डायनिंग टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या पोस्टरबोर्डवर जांभळ्या मार्करनं लिहिलेली सहा इंग्रजी अक्षरं दिसली. ओर्ट्रुन. एकेक अक्षर चार बोटं उंच आणि कडेनं चंदेरी चमकी. माझी मुलगी आन्या, वय वर्षं नऊ, गुडघे खुर्चीवर आणि पोट टेबलावर टेकवून शेवटच्या अक्षराची काडी भरत होती. तिनं मान वर केली नाही ते बरंच झालं, कारण माझा चेहरा त्या वेळी कसा झाला होता कोण जाणे. माझे बूट काढायचे राहिले होते, त्यांच्यावरच्या बर्फाचं पाणी लाकडी फरशीवर ओघळत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. हे नाव तुला कुठे मिळालं, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, काही खाल्लंस का.

शाळेचा प्रोजेक्ट होता. बाईंनी एक पिवळा कागद दिला होता. घरातलं एक नाव निवडा, ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय, ते किती लोकप्रिय आहे ते शोधा, आणि शेवटी, ते कुणी ठेवलं आणि का, हे घरच्यांना विचारून लिहा. शुक्रवारी सकाळी पालकांसमोर वाचून दाखवायचं. माझ्या नवऱ्यानं, परीक्षितनं, त्यासाठी अर्धा दिवस सुट्टी टाकली होती आणि आज बुधवार होता. आन्यानं आधी स्वतःचंच नाव घेतलं होतं म्हणे, पण तिच्या वर्गात तीन आन्या आहेत, त्यातल्या दोन आमच्यासारख्यांच्याच, आमच्या या ट्रॉय गावातल्याच. शाळेत ती 'आन्या जी' आहे, आडनावाचं अक्षर लावून. आपल्या पंधरा-वीस कुटुंबांनी एकाच दोन वर्षांत एकमेकांना न विचारता तेच नाव शोधून काढलं, का तर म्हणे अमेरिकनांना उच्चारता येतं. तिला ते नकोसं झालं होतं. कागदावर लिहिलं होतं की आपला जन्मदाखला पाहा, म्हणून ती माझ्या कपाटाकडे गेली आणि तिनं चुकीचं फोल्डर उघडलं. इमिग्रेशनची सगळी कागदपत्रं परीक्षितच्या निळ्या फाइलीत असतात, ती तोच बघतो. तिनं उघडलं ते माझं खाकी फोल्डर. दहावीचं, बारावीचं, पुणे विद्यापीठाचं, जे या देशात कुणीही मागत नाही ते सगळं त्यात आहे. म्हणून तर मी तो एक कागद, तो दुसरा जन्मदाखला, त्यात ठेवला होता.

"शी हॅज यूर नेम अँड डॅडीज नेम," आन्या म्हणाली. "सो शी इज फॅमिली. राइट?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? जन्मतारीख तिनं वाचली होती, वजाबाकी तिला येते. माझ्या आधीची का, तिनं विचारलं. मी हो म्हणाले. मग तिनं ज्या सहजपणे 'ती आता नाही ना' असं विचारलं त्या सहजपणाचा मला राग आला आणि लगेच लाजही वाटली. नऊ वर्षांच्या मुलीनं आणखी कसं विचारायचं असतं? तिला एक बहीण होऊन गेली हे आम्ही तिला कधीतरी सांगणारच होतो, ते 'कधीतरी' दर वर्षी पुढे ढकलत होतो, इतकंच. त्याची मला भीती नव्हती. पण मग टोपण लावता लावता ती म्हणाली की सकाळी गाडीत तिनं डॅडीला विचारलं होतं, हू इज ओर्ट्रुन, आणि डॅडी म्हणाला, नो आयडिया बेटा, साउंड्स लाइक अ प्लॅनेट.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेपाचला गराजचं दार वर जायला लागतं आणि त्या आवाजानं या टेबलावरचे चमचे हलतात. म्हणजे माझ्याकडे एक तास दहा मिनिटं होती. मी बूट काढले, फरशी पुसली, चहाचं आधण ठेवलं आणि त्यात चहाची पूड घालायची विसरले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते चांदणं माझ्या मनात अकरा वर्षं पडलेलं आहे. आज भर दुपारी पडलं, एवढाच फरक.

तेव्हा आम्ही ॲन आर्बरला होतो, बसच्या शेवटच्या स्टॉपजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये. मला सहावा महिना चालू होता. परीक्षितच्या वडिलांची बायपास ठरली म्हणून तो आठवड्यासाठी नागपूरला गेला आणि परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकला. पासपोर्ट कॉन्सुलेटमध्ये, माणूस नागपुरात, रोज वेबसाइटवर तेच वाक्य. आठवड्याचे पाच आठवडे झाले. घरात बाळाची एकही वस्तू नव्हती. आमच्यात आधी काही आणत नाहीत, आणि नाव तर त्याहून नाही. नावाचा दिवस बारावा, आणि मान आत्याचा. परीक्षितची बहीण राधिका फोनवर गंमत करायची की मी ठरवून ठेवलंय पण सांगणार नाही, बाळाच्याच कानात सांगेन. अमेरिकन मैत्रिणी विचारायच्या, नाव काय ठेवणार, आणि मी म्हणायचे, ते अजून जन्मलेलं नाही. त्यांना ते विचित्र वाटायचं. त्या आपल्या पोटाशी नावानं बोलायच्या, मला ते विचित्र वाटायचं. आता वाटतं, त्यांच्याकडे निदान हाक मारायला काहीतरी तयार असतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी बसस्टॉपवर उभी होते आणि पायांवरून गरम काहीतरी वाहिलं. बसच्या ड्रायव्हरनं ॲम्ब्युलन्स बोलावली. एवढंच मला सलग आठवतं. त्यापुढे छतावरचे दिवे, कुणीतरी माझ्या नावाचा उच्चार चुकवत होतं, आणि मी तो सुधारत असतानाच तोंडावर मास्क आला. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काळोख होता आणि घसा सोललेला होता. रक्त फार गेलं होतं म्हणून मला झोपवूनच ठेवलं होतं, असं मागाहून कळलं. पलंगाशेजारी एक उंच म्हातारी नर्स बसली होती. पांढरे आखूड केस आणि हात मोठे, शेतकाम केलेल्या माणसाचे असतात तसे. तिनं आधी मला पाणी दिलं. मग सांगितलं. मुलगी होती. दोन वाजून दहा मिनिटांनी जन्मली आणि चार तास जगली. फारच लहान होती, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, आणि जेव्हा करण्यासारखं काही राहिलं नाही तेव्हा हिनं तिला नळ्यांतून सोडवून कुशीत घेतलं. तिची ड्यूटी सातला संपली होती तरी ती मी जागी होईपर्यंत थांबली होती, कारण मला एक गोष्ट तिनंच सांगावी असं तिला वाटत होतं. ती म्हणाली, "मी तिला खाली ठेवलं नाही. शेवटपर्यंत नाही."

मग तिनं मला मुलगी आणून दिली. गुंडाळलेली, टोपी घातलेली, गार. मी तिला धरलं. धरलं हे खोटं नाही, पण कधी धरलं ते लोकांना सांगायचं असतं आणि ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

"मॉम, लुक," आन्यानं हाक मारली. तिला मीनिंग सापडलं होतं. नाव जर्मन, फार म्हणजे फारच जुनं. ओर्ट म्हणजे भाल्याचं टोक आणि रून म्हणजे गुपित. हे दोन शब्द एकत्र कसे येतात ते मात्र तिला कळत नव्हतं. जुन्या काळी तिकडे दोन शब्द नुसते शेजारी ठेवून नाव करत, त्याचा मिळून अर्थ लागलाच पाहिजे असं नसतं, असं कुठल्याशा साइटवर लिहिलं होतं. तिनं पोस्टरवर एक भाला काढला होता आणि त्याच्या शेजारी तोंडावर बोट ठेवलेली मुलगी. मी त्या मुलीकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, आपण दुसरं नाव घेऊ या का? आजीचं घे, शैलजा. त्याचा अर्थ किती छान आहे, पर्वताची मुलगी. मी तुला सगळं सांगते, चित्रसुद्धा काढून देते. एरवी चित्र काढून दे म्हणून ही माझ्या मागे भुणभुण लावते. आता तिनं मार्कर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"इज शी अ सीक्रेट?"

नाही, मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की दुसऱ्या कुणालाही कळलं असतं.

त्या रात्री परीक्षितला फोन मीच केला होता. साडेआठ वाजले होते, म्हणजे नागपुरात सकाळचे सात. हॉस्पिटलनं त्याला दुपारपासून तीनदा गाठायचा प्रयत्न केला होता आणि घरातला फोन लागत नव्हता. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी सांगितलं. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्यानं एकच विचारलं, एकटी होती का रे ती? मला 'रे' म्हणाला, आम्ही कॉलेजात बोलायचो तसा. आणि मी म्हणाले, "नाही. माझ्या हातात होती. मी तिला खाली ठेवलं नाही. शेवटपर्यंत नाही." असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडात ते एकच वाक्य होतं, तासाभरापूर्वी कुणीतरी इंग्रजीत ठेवलेलं, ते मराठीत बाहेर आलं. तो रडायला लागला. बरं झालं, तो म्हणत होता, बरं झालं नेत्रा, तू होतीस. नर्स कोपऱ्यात चादर घडी करत होती. तिला मराठी येत नव्हतं, तरी मी तिच्याकडे पाठ केली.

मागून सासूबाई फोनवर आल्या. त्या वाईट नाहीत, त्यांना मी कधी वाईट म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, नाव ठेवू नकोस गं बाई. बारशाच्या आत गेलेलं लेकरू देवाचंच असतं, त्यानं परत नेलं. नाव दिलं की जीव अडकतो, त्याचाही आणि आपलाही. मी हो आई म्हणाले. दुसऱ्या दिवशी जन्मनोंदणीची बाई फॉर्म घेऊन आली. नावाचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल, असं तिनंच हलक्या आवाजात सांगितलं, पुष्कळ लोक ठेवतात. पाळण्यावरच्या चिठ्ठीत, बिलात, सगळीकडे 'बेबी गर्ल घाटे' होतं. मी पेन हातात घेतलं आणि मला दिसलं की त्या मुलीच्या सबंध आयुष्यात तिला ओळखणारं एकच माणूस होतं. ते माणूस मी नव्हते. मी त्या माणसाचं वाक्य चोरलं होतं. तेवढ्यात ती आत आली, माझं सलाइन बघायला, आणि तिच्या खिशावरची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी अक्षरं एकेक करून उतरवून घेतली. मधल्या रकान्यात हात आपोआप परीक्षित लिहून गेला, कारण मधे बापाचं नाव लिहायचं असतं, पहिलीपासून प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत आले आहे. त्या नर्सला मी हे सांगितलं नाही. ती दुसऱ्या दिवसापासून सुट्टीवर गेली.

परीक्षित सतरा दिवसांनी आला. तोवर सगळं उरकलं होतं, हॉस्पिटलनंच उरकलं होतं. त्यानं कागद मागितले नाहीत, नाव विचारलं नाही. नाव नसणारच, हे त्याच्या घरात शिकवावं लागत नाही. त्याच्याकडे फक्त माझं वाक्य होतं. त्याच्यावर त्यानं दिवस काढले. राधिकाला सांगितलं, त्याच्या मित्रांना सांगितलं, एकदा सासूबाईंनी 'झालंच नाही असं समजा' म्हटलं तेव्हा फोनवर त्यांच्यावर ओरडला, नेत्राच्या हातात होती ती, झालं कसं नाही? आणि दर वर्षी नोव्हेंबरातल्या त्या तारखेला, मी भांडी घासत असले, मीटिंगमध्ये असले, काहीही करत असले तरी तो येतो, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतो, मिनिटभर धरतो आणि जातो. मी हात काढून घेत नाही. त्या मिनिटात मी आमच्या मुलीचा विचार कधीच केलेला नाही. त्याला कळेल का, हाच विचार करते. माझ्यासारखी बाई दुसरीकडे भेटली असती तर मी तिला नावं ठेवली असती.

पाच वाजले. आन्या आता लोकप्रियतेवर होती आणि तिचं घोडं तिथे अडलं होतं. सरकारच्या यादीत ते नाव तिला कुठल्याच वर्षी सापडत नव्हतं, तिनं वीस वर्षं तपासली. मग तिला तळाशी बारीक अक्षरांत सापडलं की एका वर्षात पाचांपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव त्या यादीत घालतच नाहीत. कुणाची ओळख पटू नये म्हणून. म्हणजे एक असलं तरी नाही, चार असली तरी नाही. तिला हा अन्याय वाटला. तिनं ग्राफ काढला होता, खाली सगळी वर्षं, मधून सरळ रेघ शून्यावरून जाणारी, आणि एका वर्षावर रेघेच्या किंचित वर लाल टिंब. हे काय, मी विचारलं. ती म्हणाली, दॅट्स हर. दे डिडन्ट पुट इट, सो आय डिड.

मी सिंकपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडू आलं होतं, ते लपवायला. मी ठरवलं की त्याला आल्या आल्या बाहेर नेते, गाडीतच सांगते. लगेच ठरवलं की नाव सांगायचं, बाकी नाही. मला आवडलं म्हणून ठेवलं, म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात कुणाचं काय जाणार होतं? ज्या वाक्यानं माणूस अकरा वर्षं उभा आहे, ते त्याच्या पायाखालून काढून घ्यायचं ते कुणासाठी, त्याच्यासाठी की माझ्या मनाला हलकं वाटावं म्हणून? हे असे प्रश्न मला छान पडतात. उत्तर द्यायची वेळ टळेपर्यंत पडतच राहतात. चमचे हलले. पाच वाजून आठच मिनिटं झाली होती, आज तो लवकर आला होता.

तो आत आला तो नेहमीसारखा बोलतच, हायवे मोकळा होता, स्नो वितळलाय, चहा आहे का? बॅग खुर्चीवर टाकली आणि पोस्टर बघून हसला, अरे, हाच तो प्लॅनेट. मी दोन पावलं पुढे झाले होते. पण मोठ्या अक्षरांच्या खाली आन्यानं दाखल्यावरचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि खाली तारीख. त्यानं ते वाचलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, ते तोंडावर राहिलं आणि डोळे खाली त्या ओळीवर राहिले. आपलं नाव मधे वाचताना त्याचे ओठ हलले. आन्या म्हणाली, डॅडी, सगळं झालंय, फक्त लास्ट वन राहिलाय. हू चोज इट, अँड व्हाय. तिनं मार्करचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

परीक्षितनंही माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्यात राग अजिबात नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू ठेवलंस?" तो म्हणाला. "तिला धरलं होतंस, तेव्हा ठेवलंस ना?"

त्यानं ते अलगद माझ्या ओंजळीत दिलं. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर नाव मोकळं झालं असतं, आन्याचं पोस्टर पुरं झालं असतं, शुक्रवारी वर्गात त्यानं माझा हात धरला असता. तो तेव्हाही धरायला पुढे येतच होता. मी माझे दोन्ही हात मागे घेतले.

"मी धरलं नव्हतं," मी म्हणाले. "ती होती तेव्हा मी शुद्धीवरच नव्हते. हे त्या नर्सचं नाव आहे. तिनं धरलं होतं. खाली ठेवलं नाही, हे तिनं मला सांगितलं आणि मी तुला माझं म्हणून सांगितलं."

आन्याचा मार्कर हवेतच होता. परीक्षितनं खुर्ची ओढली पण बसला नाही. मग सिंकपाशी गेला, मघापासून वाहत असलेला नळ बंद केला आणि पाठमोराच उभा राहिला. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांना पण मी हेच सांगितलं होतं, तो म्हणाला. ते म्हणाले होते, सुनेला सांग, तिचे पाय धरायला पाहिजेत. हे तो मला पहिल्यांदाच सांगत होता. सॉरी म्हणावं असं वाटलं, पण तो शब्द आम्ही कॅशियरलासुद्धा म्हणतो. त्याच्या खांद्यांकडे बघत मी उभी राहिले आणि मला खरोखर वाटलं की आता हा गाडीची किल्ली उचलेल, आणि उचलली तर मी थांबवणार नाही.

तो वळला. आन्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, पोस्टर दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं आणि त्या लाल टिंबावर बोट ठेवलं.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "मला काहीच माहीत नाही असं धरून सांग. आणि बाळ बाळ म्हणू नकोस. नाव घेऊन सांग."

ते नाव मी मनात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. मोठ्यानं एकदाही म्हटलं नव्हतं. मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"ओर्ट्रुन दोन वाजून दहा मिनिटांनी जन्मली," मी म्हणाले. "मी झोपेत होते."